एक सूत जास्त

कुपवाडच्या शेडमध्ये दस्तगीरमामांकडे
दोन पट्ट्या होत्या. एक जगाची.
दुसरी तिच्याहून किंचित लांब,
तिचा फूट आपल्या फुटापुढे
एक सूत जाऊन थांबायचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, ही चुकलीय का?
ते म्हणाले, बीड निवताना आकसतं, पोरी.
म्हणून लाकडात सगळं एक सूत जास्त बघायचं.
पाहिजे तेवढंच बघितलंस
तर हातात कमी येतं.

मी आयटीआयची, नवी. वहीत लिहून घेतलं:
फुटाला एक सूत.
पुढचं लिहिलं नाही,
ते परीक्षेला येणार नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका पंपाची ऑर्डर आली.
जुना पंप पाणी उचलायचा, पण कण्हत.
आतली वाट कुठंतरी अडत होती.
ड्रॉइंगवर दिसेना.
ड्रॉइंगवर सगळंच वाहतं.

मामांनी पटाशी खाली ठेवली आणि बसले.
सोमवारी बसले. मंगळवारी बसले.
खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं:
भंगाराचा ढीग, एक लिंब,
लिंबाला टेकवलेली कुणाची तरी एम-एटी.
काजगेसाहेबांनी रजिस्टरात लाल पेनानं लिहिलं,
‘दोन ते चार. काम: काही नाही.’

बुधवारी ते माझ्याकडे बघून,
पण माझ्याशी नाही, बोलले.
हरिपूरला वारणा येते ना,
ती आल्या आल्या कृष्णेत मिसळत नाही.
नवी सून भिंतीकडेनं चालते तशी
जरा वेळ शेजारून चालते.
मग कुठंतरी खांदा वळवते.
दोन दिवस झाले, मी तो खांदा बघतोय.

मीही खिडकीतून बघितलं.
एम-एटी.

गुरुवारी सागवान बोलायला लागलं.
भुसा मामांच्या भुवयांवर,
चहाच्या ग्लासात, माझ्या वेणीत.
गोगलगाईसारखं काहीतरी
ठोकळ्यातून हळूहळू बाहेर येत होतं,
कोपऱ्याकोपऱ्यात अंगठ्यानं दाबलेलं मेण,
आणि प्रत्येक उभ्या भिंतीला केसभर उतार,
कारण वाळूतून निघताना
वाळूला दुखवायचं नसतं.

काळ्या वाळूत ते लाकूड दाबलं,
आणि काढून घेतलं.
मागं राहिलं त्याचं नसणं,
वळलेल्या खांद्यासकट.
साहेबांनी लिहिलेलं ‘काही नाही’
मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.
त्यातच रस ओतला, लाल,
बघवत नव्हता इतका.

पंप कण्हायचा थांबला का?
खरं सांगते, माहीत नाही.
तो म्हैसाळकडं कुठंतरी गेला.
तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात
यालाच शाबासकी म्हणतात.

आता लाकूड नाही. मी पडद्यावर काढते.
आकसण्याच्या रकान्यात एक टाकते,
यंत्र क्षणात सगळं मोठं करून देतं,
जे मी आधीच बघितलंय तेवढंच.
आणि माऊस दहा मिनिटं हलला नाही
तर पडदा विचारतो, तुम्ही आहात का?
नाही, रे बाबा.
मी हरिपूरला आहे. काठावर.
चपला हातात आहेत.

लांब पट्टी मामांनी जाताना मला दिली.
परवा रियाजनं भिंतीशी उभं राहून
तिनं स्वतःची उंची मोजली आणि रुसला:
शाळेत चार फूट भरलो होतो,
घरी अर्धा इंच कमी कसा?
पट्टी चुकलीय, अम्मी.

मी कणकेचे हात पुसत बाहेर आले,
बीड, निवणं, सूत, सगळं सांगायला.
तो तोवर पट्टी मांडीवर घेऊन
खिडकीत बसला होता.
गृहपाठाची वही उघडी, कोरी.
बाहेर पाण्याची टाकी होती,
आणि वाळत घातलेली एक चादर.

घड्याळात अडीच वाजले होते.
मी कणकेकडं परत गेले.